खुर्चीतला आणि बैठकीतला

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गाण्याला कधी तोटा नव्हता. कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांना गाणी आणि वग लिहून दिले, चौफुल्याच्या कला केंद्रांत ढोलकी थंड पडली नाही, आणि भजनी मंडळ नाही अशी वाडी शोधूनही सापडायची नाही. तोटा होता तो रेकॉर्डिंगच्या जागेचा. एक अभंग करायचा तरी पुणं गाठा, तासाचे पैसे मोजा, घड्याळाकडे बघत गा. आता लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि एक बरा कंडेन्सर माईक एवढ्यावर घरातल्या मागच्या खोलीत काम होतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही शिक्कामोर्तब केलं, आणि आपल्या बैलाच्या नावाचं गाणं करून घेणारे गाडामालक आमच्या दारात उभे राहू लागले. शिवाय हळदीची गाणी, जागरण-गोंधळ, सरपंचकीच्या प्रचाराची गाणी आहेतच.

माझी खोली शिरूरात, दहा बाय बाराची. एका मित्राची दौंडला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, दहा बाय दहाची. या दोन खोल्या लावताना आणि पुन्हा पुन्हा हलवताना जे हाती लागलं ते लिहितो. माईक कुठला घ्यावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. बसावं कसं, हे कुणी सांगत नाही.

१. आधी कोपर मोजा, मग मिस्त्रीला बोलवा

टेबल म्हटलं की मिस्त्री तीस इंच उंचीचं करून देतो. लिहायला ते चालतं. त्यावर चार इंच जाडीचा कीबोर्ड ठेवला की पट्ट्या जातात चौतीस इंचांवर, खांदे कानाकडे सरकतात आणि तासाभरात मानेच्या मुळाशी गाठ येते. म्हणून खुर्चीत बसा, पावलं जमिनीला सपाट टेकवा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात धरा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत कुणाला तरी टेप लावायला सांगा. माझं माप सव्वीस इंच आलं. पट्ट्या त्या उंचीला हव्यात, म्हणजे कीबोर्डखालची फळी बावीस-तेवीस इंचांवर. इथे दुसरी अडचण उभी राहते ती मांड्यांची. खुर्चीची बैठक सतरा इंच, वर मांडीची जाडी पाच-सहा इंच, म्हणजे फळीखाली जेमतेम जागा उरते. त्यामुळे कीबोर्ड घेताना त्याच्या आवाजांची यादी वाचण्याआधी त्याची जाडी बघावी, असं माझं ठाम मत झालंय.

लॅपटॉप आणि स्क्रीनसाठी वेगळी, वरची फळी करा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. पाच फुटांच्या लांबीला एकोणीस मिलिमीटरचा प्लायसुद्धा मधोमध झुकतो, तेव्हा खाली लोखंडी चौकट हवी. शिरूरला फॅब्रिकेशनची दुकानं भरपूर आहेत. त्यांच्याकडून चौकोनी पाइपचे पाय करून घ्या आणि उंची बदलता येईल अशी दर इंचाला भोकं पाडायला सांगा. वेल्डिंगवाला म्हणेल, कशाला, एकदाच फिक्स करू. ऐकू नका. माझी पुतणी त्याच कीबोर्डवर बसते, तिचं कोपर माझ्यापेक्षा तीन इंच खाली. खुर्ची वर घेतली की तिचे पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली आमच्या जेवणाच्या पंक्तीतला पाट असतो. याहून चांगलं फूटरेस्ट विकत मिळत असेलही, आम्हाला गरज पडलेली नाही.

२. गाणारा खाली बसतो, त्याला खुर्चीत बसवू नका

स्टुडिओचे फोटो बघून खोली लावणारे सगळे इथे फसतात. त्या फोटोंत गायक उभा असतो, समोर माईक, हातात कागद. आपल्याकडे येणारे भजनी बुवा पेटी घेऊन मांडी घालतात. त्यांचा डावा हात मागच्या भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि चाळीस वर्षांचा श्वास त्या बसण्याला जुळलेला. पेटी टेबलावर ठेवली की भाता मारताना डावा खांदा वर उचलला जातो, छाती आखडते आणि आलाप अर्ध्यावर तुटतो. बुवा बिचारे म्हणतात, आज आवाज लागत नाही माउली. आवाजाला काही झालेलं नसतं.

पेटीचा इतिहासच मुळी या बसण्याचा आहे. युरोपातून आली ती पायाने भाता मारायची, खुर्चीत बसून वाजवायची. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता हाताशी आणला, पाय काढून टाकले आणि पेटी जमिनीवर उतरवली, कारण इथला वाजवणारा जमिनीवर बसत होता. मराठी संगीत नाटकाने मात्र पायपेटी सांभाळली. बसण्याप्रमाणे वाद्य बदललं, मग आपली खोली काय मोठी लागून गेली?

खोलीचा एक कोपरा, निदान सहा बाय सहा फुटांचा, बैठकीला द्या. खाली जाजम, वर पातळ गादी, त्यावर सुती चादर. चकचकीत कापडाची नको, बुवा जरा हलले तरी ते सळसळतं आणि माईक ते इमानदारीने टिपतो. लाकडी चौथरा करायची हौस अनेकांना येते, पण पोकळ चौथरा ढोलकीच्या थापेबरोबर स्वतःच घुमतो. तीन पायांचा माईक स्टँड बैठकीत अडचण करतो, त्याचा एक पाय हमखास कुणाच्या तरी गुडघ्याखाली जातो. त्याऐवजी भिंतीला हात बसवा किंवा जड गोल बुडाचा बुटका स्टँड आणा.

माईक ठेवायची माझी जागा अशी: गायकाचं तोंड आणि पेटी यांच्या मध्ये, खालून वर तोंडाकडे रोखलेला. कार्डिऑइड माईक पाठीमागून येणारा आवाज कमी घेतो, आणि या मांडणीत त्याची पाठ पेटीकडे येते. गायकाला मान वाकवावी लागत नाही, पेटीही गळ्यात फार शिरत नाही.

ढोलकीवाल्याला दोन्ही बाजूंना हात मोकळे सुटतील इतकी जागा लागते, तीन फूट तरी. हेडफोनची वायर त्याच्या पाठीमागून, मानेवरून घ्या. पुढून सोडली तर नेमकी तोड्याच्या वेळी हातात येते. चौफुल्याला संगीतबारी बघायला गेलात तर नाचणारणीकडे बघून झाल्यावर मागे बसलेल्या पेटीमास्तर, तबलजी, ढोलकीवाल्याकडेही बघा. किती थोड्या जागेत, एकमेकांचे हात दिसतील असे ते बसलेले असतात. ते एकमेकांकडे बघून सम गाठतात. स्टुडिओत आपण त्यांना तोंडं फिरवून बसवतो आणि मग ताल सरकला म्हणून तक्रार करतो.

महिला भजनी मंडळ आलं की टाळांच्या मध्ये बांगड्या वाजतात. बांगड्या काढा असं म्हणायचं नाही, ते बरं दिसत नाही. मनगटाला रुमाल गुंडाळा म्हटलं की सगळ्याजणी हसतात आणि काम होतं.

३. गुडघ्यांचं वय विचारात घ्या

बुवांचं वय साठीच्या पुढचं असतं. सपाट गादीवर मांडी घातली की गुडघे कंबरेपेक्षा वर राहतात, पाठीला पोक येतो आणि पोट दाबलं जातं. बुडाखाली घडी घातलेलं घोंगडं किंवा चपटी उशी द्या, तीन-चार इंच उंचीची. कंबर वर गेली की गुडघे आपोआप खाली येतात, पाठ सरळ होते. पाठीमागे भिंत आणि लोड हवाच. ज्यांना मांडी घालणंच जमत नाही त्यांच्यासाठी दिवाण ठेवा, पेटी समोर चौरंगावर. चौरंगाखाली विटा सरकवून उंची जुळवा.

४. स्पीकर कुणाच्या कानाला लावलेत ते बघा

मिक्स करणारा खुर्चीत बसतो, त्याचा कान जमिनीपासून साधारण सेहेचाळीस-अठ्ठेचाळीस इंचांवर. बैठकीतल्या माणसाचा कान अठ्ठावीस-तीस इंचांवर. स्पीकरमधलं बारीक आवाजाचं छोटं भोंगडं, म्हणजे ट्विटर, ज्याच्या कानाच्या रेषेत त्यालाच गाणं धड ऐकू येतं. बुवा गादीवरूनच म्हणतात, लावा बघू काय झालंय, आणि ऐकून म्हणतात, आवाज दबका वाटतो. वरच्या पट्टीतला आवाज त्यांच्या डोक्यावरून गेलेला असतो. ऐकायच्या वेळी त्यांना उठवून माझ्या खुर्चीत बसवणं हा एकच इलाज मला पटलाय. बुवा फिरत्या खुर्चीत जरा अवघडून बसतात, पण ऐकतात नीट.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. टेबल खोलीच्या आखूड भिंतीसमोर ठेवा आणि डोकं त्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या अडतीस टक्क्यांवर आणा. बारा फुटांच्या खोलीत ते साडेचार फूट होतं. हा काही वेदातला मंत्र नाही, तिथून सुरुवात करून पुढे-मागे सरकत राहायचं.

दौंडच्या मित्राची खोली चौरस, हे सगळ्यात वाईट माप. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये छप्पन्न हर्ट्झच्या आसपासचा खर्ज फुगतो, आणि चौरस खोलीत तो लांबीतही फुगतो, रुंदीतही. ढोलकीचा घुमा तिथे मोठा वाटतो, म्हणून तो कमी केला जातो, आणि बाहेर ऐकलं की ढोलकीचं पोटच गायब. त्याने खोलीच्या कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे त्रिकोणी खांब उभे केले. जागा गेली, पण खर्ज आवरला.

५. गोधडी चांगली आहे, पण तिच्याकडून किती अपेक्षा करावी

जुन्या लुगड्यांची जाड गोधडी गाणाऱ्याच्या मागे टांगली की गळ्याचा आवाज छान कोरडा होतो. भिंतीला चिकटवू नका, तीन-चार इंच पुढे सोडा, शोषण वाढतं. खर्जाला मात्र गोधडी काही करत नाही. त्यासाठी अठ्ठेचाळीस घनतेचे रॉकवूलचे जाड तक्ते मांजरपाटात शिवून लाकडी चौकटीत बसवतात. शिवताना तोंडाला फडकं, हातात मोजे आणि बाह्या खाली. अंगाला लागलं की रात्रभर खाजतं. अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला अजून फिरतोय. भिंत शोभते, बाकी काही होत नाही.

६. घड्याळाप्रमाणे खोली वापरा

आमच्या भागाला शांतता नाही, फक्त शांततेच्या वेळा आहेत. मोराची चिंचोली आमच्याच तालुक्यात आहे, आणि पावसाळ्यात मोर केकाटतो तेव्हा कुठलंही फिल्टर कामाला येत नाही. ऊसतोड सुरू झाली की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर, आणि त्यांचं गाणं त्यांच्या इंजिनापेक्षा मोठं. दौंडला रेल्वे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना तिथे इंजिन फिरवून घ्यावं लागायचं. दौंड कॉर्ड लाईन स्थानक झाल्यापासून काही गाड्या बाहेरच्या बाहेर निघून जातात, पण मित्राला त्याचा उपयोग शून्य, कारण मालगाड्या आहेतच. जमिनीतून येणारी घरघर माईकवर ऐंशी हर्ट्झखालचं कापून जाते. शिट्टी नाही जात. तो आता गाडी येण्याआधीच हात वर करतो आणि गाणारा थांबतो.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि पंखा लावला तर तो गाण्यात येतो. खोली आधी एसीने गार करून घ्यायची, टेक सुरू झाला की बंद, झाला की पुन्हा चालू. सकाळी सहाला गळा जड असतो, दुपारी खोली भट्टी होते. सकाळी आठ ते अकरा ही वेळ आम्हाला सोसते.

७. विजेचा भरवसा नाही असं धरूनच वायरिंग करा

शेतीपंपांच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येतं. स्टॅबिलायझर आणि यूपीएस दोन्ही लागतात. इन्व्हर्टर घेताना प्युअर साइन वेव्हचा घ्या, चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर स्पीकर गुणगुणायला लागतात. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून नीट करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा, कारण माती वाळली की अर्थिंग मरतं. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. वेगवेगळ्या बोर्डांवर लावले की पन्नास हर्ट्झची ती ओळखीची भुणभुण ऐकू येते.

८. हात पोचला पाहिजे, आणि मागेही जाता आलं पाहिजे

दर मिनिटाला लागणारी वस्तू कोपर न उचलता हाती यावी: माउस, आवाजाची मूठ, रेकॉर्डचं बटण. तासातून एकदा लागणारी हात लांब करून, दिवसातून एकदा लागणारी उठून. माझ्याकडे रेकॉर्ड सुरू करायला पायाने दाबायचं पेडल आहे, कारण पेटी मीच वाजवतो तेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात. मनगट वर वाकवून माउस धरण्यापेक्षा लॅपटॉपच्या कीबोर्डचे शॉर्टकट पाठ करणं बरं. पहिले दोन आठवडे कंटाळा येतो, मग बोटं आपसूक जातात.

टेबल भिंतीला चिकटवू नका. मागे दोन फूट सोडा. वायर सैल झाली की टेबलाखाली उताणं पडून टॉर्च तोंडात धरून शोधणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची कंबर नंतर काय म्हणते तेही ऐकलंय.

९. शब्द डोळ्यांसमोर आणा

गाणारे हल्ली शब्द मोबाईलवर आणतात आणि मोबाईल मांडीवर ठेवतात. हनुवटी छातीला टेकली की वरचा सा कुठून यायचा? पारायणाची पोथी ठेवायची लाकडी ठवणी चौरंगावर ठेवा आणि शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर काढून द्या. कागद एकच, पाठपोट नाही. उलटताना वाजतो.

१०. काजळी

दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ. वाऱ्याची दिशा फिरली की धूर खोलीत, आणि उसाचं पाचट जाळलं की काळी राख खिडकीच्या फटीतून थेट फेडरमध्ये. काम झालं की सगळ्यावर सुती पांघरूण. माईक उघडा ठेवणाऱ्याला मी माझ्या खोलीत दुसऱ्यांदा बोलावत नाही.

११. रात्री माणसं अडकवू नका

स्टुडिओचं काम रात्रीचं, ही शहरातली रीत. घोड आणि कुकडी नद्यांच्या काठच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, लोकांचे जीव गेलेत. मळ्यात राहणाऱ्या ढोलकीवाल्याला रात्री अकराला मोटारसायकलवर पाठवणं मला पटत नाही. दिवस मावळायच्या आत त्याचं काम संपवतो, मिक्स मी एकटा बसून करतो.

त्या एकट्या बसण्यालाही मर्यादा हवी. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी: पंच्याऐंशी डेसिबल असेल तर दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्याण्णवला दोन. मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप अगदी काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. मी सत्तर-पंच्याहत्तरवर काम करतो. गाडामालक शेजारी बसला की तो मात्र मूठ फिरवून टोकाला नेतो, कारण त्याच्या बैलाचं गाणं त्याला छातीत ऐकायचं असतं. एकदा तसं ऐकवावं, मग चहाला बाहेर न्यावं.

१२. शेवटची तपासणी रस्त्यावर

स्पीकर कितीही चांगले असोत, हे गाणं वाजणार आहे शर्यतीच्या घाटात भोंग्यावर आणि उसाच्या ट्रॅक्टरवर. म्हणून मिक्स झालं की पेन ड्राइव्ह घेऊन मी नाक्यावर जातो. ट्रॅक्टर चहासाठी थांबलेले असतात, ड्रायव्हर गाणं लावून द्यायला एका पायावर तयार. इंजिन चालूच ठेवायला सांगायचं. त्या घरघरीत गळा कळतोय का, ढोलकीची चाट वर येतेय का, एवढंच ऐकायचं. परवा एक जण दोन कडवी ऐकून म्हणाला, "दादा, गाणं झ्याक हाय, पण ढोलकी कुठं हाय?" घरी येऊन मी ढोलकीचं तीन किलोहर्ट्झच्या आसपासचं थोडं उचललं आणि खालचा घुमा होता तसाच ठेवला.